खडूच्या रजिस्टरातली नोंद

शाळेत सामानाची दोन रजिस्टरे असतात. एक डेडस्टॉकचे, दुसरे रोज खर्ची पडणाऱ्या सामानाचे. पहिल्यात बाके, सूक्ष्मदर्शक, पृथ्वीचा गोल. दुसऱ्यात खडू, शाई, फिनेल. डेडस्टॉकमधली वस्तू फुटली की चौकशी होते, सह्या होतात. खडू तुटला तर कोणी विचारीत नाही. म्हणूनच सूक्ष्मदर्शक कपाटात राहतो आणि खडू हातात. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून मला उमगले ते एवढेच: जी वस्तू बिघडली तरी चालते, तिच्यावरच मूल खरे शिकते.

अलीकडे आमच्या या दुसऱ्या रजिस्टरात एक नवी नोंद होऊ लागली आहे. मायक्रोकंट्रोलर बोर्ड. काड्यापेटीहून अरुंद अशी पट्टी, मधोमध एक काळी चिप, दोन्ही कडांना पितळी दिसणारे पाय. आमच्या मुलांच्या हातात असते त्या पट्टीचे नाव आर्डुइनो नॅनो. ही चिप सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके मोजते. तिच्या पोटात प्रोग्रॅमसाठी जागा मात्र फक्त 32 किलोबाइट. साध्या मोबाईलमधला एक फोटोही तिच्यात मावायचा नाही. पण दिवा लावणे, उष्णता मोजणे, भोंगा वाजवणे या कामांना तेवढी जागा पुरून उरते.

मी इतिहासाचा एम. ए. तेव्हा मुले वायरी जोडीत असताना मी नावाचे मूळ शोधीत बसलो. उत्तर इटलीत इव्रेआ नावाचे गाव आहे. ऑलिव्हेट्टी टाइपरायटरचा कारखाना 1908 साली तिथेच निघाला. त्या गावातल्या डिझाइनच्या संस्थेत 2005 साली काही शिक्षकांनी, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना परवडेल आणि झेपेल, असा हा बोर्ड तयार केला. गावातल्या ज्या बारमध्ये ही मंडळी बसत, त्याला 1002 साली इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनचे नाव होते. तेच बोर्डाला मिळाले. त्यांनी आराखडा मात्र कुलुपात ठेवला नाही. ज्याला जमेल त्याने बनवावा, अशी मोकळीक दिली. म्हणून त्याच आराखड्याचा नॅनो आज हुबळीत दोन-तीनशे रुपयांना मिळतो. ही किंमतच त्याला डेडस्टॉकमधून वाचवते.

आता आमच्या गावचे दुखणे सांगतो. हुबळी-धारवाडला पाणी येते ते मुख्यतः मलप्रभेचे, सौंदत्तीजवळच्या नवीलतीर्थ धरणातून. 2008 साली काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले. इतर वस्त्यांच्या नशिबी वाट पाहणे राहिले. नळ कित्येक दिवसांनी येतो आणि अनेकदा अपरात्री येतो. घरातल्या कोणाला तरी जागावे लागते, आणि ते 'कोणी तरी' बहुधा मुलगी असते. आमच्या उशिरा येणाऱ्यांच्या वहीत पाण्याचा दिवस लगेच ओळखू येतो.

नववीतल्या दोघी मैत्रिणींनी, एकीच्या घरी मराठी, दुसरीच्या घरी कन्नड, यावर उपाय काढायचे ठरवले. नळ उघडा ठेवायचा, खाली वाटी, वाटीत वायरींची दोन उघडी टोके. पाण्यात क्षार असतात, त्यामुळे दोन्ही टोके बुडाली की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो. बोर्डाला ते कळते आणि भोंगा वाजतो. प्रोग्रॅममधले शब्द इंग्रजी, त्यांवरची चर्चा कन्नडमध्ये आणि भांडण मराठीत. चिपेला यातली एकही भाषा येत नाही, तिला फक्त वीज आहे की नाही एवढेच समजते.

पहिला आठवडा छान गेला. मग वायरी हिरव्या पडल्या आणि भोंगा मुका झाला. पाण्यातून सतत वीज सोडली की तांबे झिजते, हे पुस्तकात आहेच. आता ते वाटीत दिसले. पोरींनी डोके चालवले. दर दहा सेकंदांनी क्षणभरच वीज सोडायची, एरवी बंद. वायरी टिकू लागल्या.

पुढच्या सोमवारी मराठी घरातली ती मुलगी एकटीच ऑफिसच्या दाराशी उभी राहिली. मुठीत बोर्ड. पाच व्होल्टच्या पायाला चुकून बारा व्होल्ट जोडले गेले होते. चिप जळली होती. ''सर, बाबा म्हणाले, पैसे भरून ये,'' असे म्हणून तिने चुरगळलेल्या नोटा पुढे केल्या. डोळे भरलेले. वडील हमालीला जातात हे मला ठाऊक होते.

''अगं, खडू तुटला म्हणून कोणी पैसे भरतं का?'' मी म्हटले. रजिस्टर उघडून 'एक बोर्ड खर्ची पडला' असे लिहिले, सही केली, आणि दुसरा तिच्या हातावर ठेवला. ''या वेळी व्होल्ट आधी मोज, मग जोड.''

हल्ली त्यांच्या गल्लीत पहाटे भोंगा वाजला की एका दारातून ''पाणी आलं!'' आणि दुसऱ्यातून ''नीरु बंतु!'' अशी हाक येते. पाणी अजूनही आपल्याच लहरीने येते, त्यावर या पट्टीचा काही इलाज नाही. पण पोरी रात्रभर झोपतात आणि पहिल्या तासाला हजर असतात.

वाचकहो, यंदा घरातल्या मुलांसाठी फटाके आणताना असा एक बोर्डही आणा. घरच्या 230 व्होल्टच्या विजेला त्यांना हात लावू देऊ नका. मोबाईलचा पाच व्होल्टचा चार्जर पुरे. आणि बोर्ड जळालाच, तर रागावू मात्र नका.