नाचायचंय? टोल भरा!

पुणे-नाशिक हायवेवरून तुम्ही कितीदा गेला असाल? आळेफाट्याला चहा, चंदनापुरी घाटात एखादा सेल्फी आणि घाट उतरला की हिवरगाव पावसाचा टोलनाका. फास्टॅग ‘पीक्’ करतो, दांडा वर जातो आणि आपण संगमनेरकडे सुसाट! मीही गेल्या सहा महिन्यांत डझनभर वेळा अशीच गेले. गावाचं नाव फक्त टोलच्या एसेमेसमध्ये वाचलेलं.

मी जाते कशाला? तर नाचायला. हसू नका, सिरियसली सांगतेय. मी बॉलरूम डान्स करते, त्यातही लॅटिन. म्हणजे सांबा, चाचाचा, रुम्बा, पासोडोब्ले, जाइव्ह. तीन वर्षांपूर्वी ‘वीकेंडला काहीतरी हवं’ म्हणून पुण्यात बॅच लावली. मग सरांनी ‘कॉम्पिटिशनला उतरा’ अशी पिन मारली आणि तिथूनच खिशाला भोक पडलं. माझा पार्टनर इंजिनीअर. त्याची बदली झाली नाशिकला. बॉलरूममध्ये पार्टनर नसेल तर तुम्ही फक्त हात वर करून उभी असलेली एक मुलगी असता! त्यामुळे दर पंधरा दिवसांनी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर गाडी हाणायची, चार तास प्रॅक्टिस करायची आणि परत.

माझ्या एक्सेल शीटमध्ये सगळं लिहिलेलं असतं. बॅचची फी महिन्याला ३,०००. आठवड्याला एक प्रायव्हेट लेसन, १,२०० प्रमाणे ४,८००. नाशिकच्या दोन फेऱ्या, पेट्रोल आणि टोल धरून ७,०००. म्हणजे पार्टनर जवळजवळ शिकवण्याइतकाच महाग! शूज ८,५०० चे. तळाला स्वेड लेदर, ते रस्त्यावर घालायचे नाहीत, तारेच्या ब्रशनं घासायचे आणि तरी वर्षभरात संपतात. आणि स्पर्धेचा ड्रेस? खडे लावून ३०,००० सांगितलेत टेलरनं. फ्रीलान्सरचे चेक कधी येतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना टेन्शन कळेल. एंट्री भरायची शेवटची तारीख होती त्याच रविवारी रात्री. भरायची की सगळंच सोडायचं, हे घाट उतरेपर्यंत ठरत नव्हतं.

टोल ओलांडला आणि मागचा टायर बसला.

कशीबशी एका पंक्चरच्या टपरीपर्यंत आले. डिकीतली स्टेपनी काढायची तर आधी सामान बाहेर. चहाच्या बाकड्यावर सत्तरीचे एक आजोबा बसले होते. माझ्या पिशवीतून बाहेर आलेल्या सोनेरी हिल्सकडे त्यांनी बघितलं.

“नाचाचे हायेत ना?”

मी उडालेच. पुण्यात लोक ‘लग्नाला चाललीस का’ विचारतात.

“तुम्हाला कसं कळलं बाबा?”

“वीस वरसं फडात हलगी वाजवली. पाय वळखू येत्यात.” मग जरा थांबून म्हणाले, “तुला म्हाईत हाय का हे गाव कुणाचं? पवळाबाईचं.”

तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा, त्या काळात स्वतः बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती पवळा हिवरगावकर. जन्म १८७०, गाव हेच, हिवरगाव पावसा, तालुका संगमनेर. जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. तिचा जोडीदार पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. तो ब्राह्मण, ती महार. तमाशासाठी त्यानं घर, जात, वतनाची प्रतिष्ठा सगळं सोडलं. मुंबई-पुण्यात दोघांनी थिएटरं गाजवली. पुढे जोडी फुटली. १९४५ मध्ये बापूराव गेले ते हलाखीत. पार्टनर सोडून गेला की काय होतं, हे आमच्या सरांनी मला वेगळं सांगायची गरजच नव्हती...

“एवढ्या लांब नाचाया जाती, किती भेटत्यात?” बाबांनी विचारलं.

“मिळत नाहीत. द्यावे लागतात.”

त्यांनी कप खाली ठेवला. “म्हंजे नाचाचे पैसे तूच देती? मंग बघनारे?”

“ते पण तिकीट काढतात. कधीकधी.”

बाबा खो खो हसले. टपरीवाल्या पोरालाही सांगून झालं. मीही हसले, पण मग त्यांचा हिशेब सुरू झाला. हंगामाच्या आधी मालकाकडून ‘उचल’ घ्यायची. तिच्यात घराचं छप्पर, बायकोचं दवाखाना भागायचं आणि ती फिटेपर्यंत फड सोडता यायचा नाही. मालक तरी कुठला मोकळा? तो सावकाराकडून उचलणार. गुढीपाडव्याला नारायणगावात राहुट्या लागणार, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देणार, त्यावर सगळ्यांचं वर्ष. जत्रा आल्या की पोरांच्या परीक्षाही आल्या. “पोरगी धाव्वीला बसली तवा मी खानदेशात. निकाल लागला, तो बी तिकडंच कळला.” २०२० आणि २०२१ च्या दोन्ही जत्रा कोरोनात गेल्या. मे २०२१ मध्ये संगमनेरच्या कांताबाई सातारकर गेल्या, त्याही कोरोनातच. त्यानंतर बाबांनी हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच.

“घरी चालतं का तुझ्या, नाचलेलं?”

“चालतं.” खरं तर आई नातेवाइकांना ‘तिचा एरोबिक्सचा क्लास असतो’ असं सांगते. हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांच्या फडातल्या बायकांना असं काही सांगायची सोय नव्हती. पैसे घेऊन नाचल्या म्हणून गावानं त्यांना काय काय म्हटलं. मी पैसे मोजून नाचते, तर ऑफिसवाल्या मैत्रिणी ‘वॉव!’ म्हणतात. गंमत आहे ना? मला त्या वेळी तशी फारशी वाटली नाही.

बाबांनी एक शूज हातात घेऊन तळवा चाचपला. “ह्याचा आवाज?”

“येत नाही. घसरायचं, पण पडायचं नाही, त्यासाठी आहे ते.”

“मंग ताल कुनाला कळनार? दाव बरं.”

टपरीच्या मागे थोडं सपाट होतं. स्पोर्ट्स शूज घालूनच मी चाचाचा दाखवला. दोन, तीन, चा-चा-चा. बाबांनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा पालथा घातला. पहिल्या फेरीला ऐकलं, दुसऱ्या फेरीला बोटं पडली, तिसऱ्या फेरीला ते मला ओढून पुढे नेत होते. आमचे सर सहा महिने ‘तिसरा चा उशिरा येतोय’ म्हणून ओरडतायत. पत्र्याच्या डब्यावर तो एकदम जागेवर आला. मध्येच हायवेवरून एका ट्रकनं हॉर्न मारला, तोही बाबांनी तालात घेतला.

“थांब थांब. ह्यो उजवा हात कुनाच्या खांद्यावं हाय?”

“त्याचा हात धरलाय मी. तो नाशकात आहे.”

“मंग जा लवकर,” ते म्हणाले.

चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. गाडीत बसले आणि संगमनेर यायच्या आत फोनवरून एंट्री भरून टाकली, ड्रेसचं बघू नंतर. मग शीट उघडली आणि एक नवी ओळ टाकली. पंक्चर, २००.