रिकामे रकाने

क्षयरोगाच्या एका अभ्यासाची नोंदपत्रं हाती आली, तेव्हा पहिले तीन आठवडे मी नुसती सफाई केली. वजन माहीत नसेल तर ९९९ लिहायची त्या प्रकल्पाची रीत होती. शंभर जणांत असा एकच ९९९ नजरेतून सुटला, तरी ४५ किलोची सरासरी ५४ च्या पुढे जाते. संगणकाला त्यात काहीच वावगं दिसत नाही.

मग उरले रिकामे रकाने. उपचार सहा महिन्यांचे, तपासणी दर महिन्याला. पण कित्येक ओळी मध्येच थांबलेल्या. पुढे एकच शेरा : 'संपर्क नाही'.

अशा अर्धवट ओळींसाठी आमच्याकडे एक पद्धत आहे, कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ साली मांडलेली. समुद्राखालच्या टेलिफोन केबलींमधल्या निर्वात नळ्या किती टिकतात, या प्रश्नातून कॅप्लन तिथे पोचले. मायर वैद्यकीय संशोधनातून. दिसेनासा झालेला रुग्ण बरा झाला की दगावला, हे आपण ठरवायचं नाही. जेवढे दिवस तो आपल्या नजरेत होता, तेवढे मोजायचे आणि आलेखाच्या रेषेवर त्या जागी एक बारीक उभी खूण करायची. त्या खुणेतला प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. अट एकच : गेलेले लोक राहिलेल्यांसारखेच असायला हवेत.

इथे ते तसे होते का? शेवटच्या भेटीच्या तारखांप्रमाणे मी ओळी लावून पाहिल्या. बहुतेक तारखा दिवाळीच्या आगेमागे. बीडकडच्या आमच्या आरोग्यसेविका ताईंना फोन केला.

"मॅडम, दिवाळी झाल्यावर गावात कोन ऱ्हातंय? उचल घेतलेली असती ना."

टोळ्या ऊसतोडीला गेल्या होत्या. कोपीत मुक्काम, पहाटेपासून तोड, रात्री-अपरात्री गाडी भरायची. गोळ्या संपल्या तर आणायच्या कुठून? उपचार अर्धवट राहण्याचा धोका ज्यांना सर्वांत जास्त, नेमके तेच माझ्या हिशेबातून गळले होते. त्यांना वगळून काढलेलं बरं होण्याचं प्रमाण छान दिसत होतं. मी ते तक्त्यात घालूनही ठेवलं होतं. तो तक्ता काढून टाकला.

त्याऐवजी दोन टोकं मोजली : गेलेले सगळे बरे झाले असं धरून एक आकडा, एकही झाला नाही असं धरून दुसरा. अंतर मोठं होतं. अभ्यास कच्चा वाटेल, असं बैठकीत दोघातिघांचं म्हणणं पडलं. मी अडून बसले. दोन्ही आकडे छापले गेले.

पुढच्या फेरीत नोंदपत्रात एक रकाना वाढवला : 'हंगामात कुठे जाणार? कोणत्या कारखान्याला?' पहिल्या महिन्याची उत्तरं मी ताईंना फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मग आता निघायच्या आधी गोळ्या संगं बांधून देता येतील."