वाळूची बादली

चेन्नईच्या नैऋत्येला, श्रीपेरुंबुदूरजवळ ओरगडम आहे. वाहनांच्या कारखान्यांमुळे हे नाव सर्वांना माहीत झाले. बाबांची नोकरी तिथे असल्यामुळे माझ्या सुट्ट्याही तिथेच जातात. आमच्या घरी १०० लिटरची काचेची टाकी आहे आणि तिच्यात आईचे गप्पी व मॉली आहेत. गेल्या दिवाळीनंतर आई म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत मासे कोळत्तूरच्या दुकानात परत देऊन टाकू. मला आता हे पाणी उचलवत नाही." कोळत्तूर हा चेन्नईचा शोभेच्या माशांचा मोठा बाजार. मासे तिथूनच आणले होते.

पाणी का उचलावे लागते, ते आधी सांगतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. फिल्टरमध्ये राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी असे जिवाणू १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. नायट्रेट अमोनियाइतके घातक नाही, पण ते साठत जाते. म्हणून पाणी बदलायचे.

आई दर रविवारी निम्मे पाणी बदलायची. तरी नायट्रेट उतरत नव्हते. डिसेंबरच्या सुट्टीत मी बाजारातले रंग बघायचे किट आणले. टाकीतले पाणी ८० दाखवत होते. मग सहज नळाचे, म्हणजे आमच्या इमारतीच्या बोअरवेलचे पाणी तपासले. ते ४० निघाले! आता गणित करा. टाकीत ८०, वरून येणारे ४०. निम्मे बदलले की ६०, पुन्हा बदलले की ५०, मग ४५. माशांनी काहीच घाण केली नाही असे धरले, तरी ४० च्या खाली आपण कधीच जाणार नाही. आईचे कष्ट कमी पडत नव्हते, पाणीच तसे होते.

समुद्री मासे पाळणाऱ्यांनी यावर एक युक्ती रूढ केली आहे. टाकीबाहेर एका भांड्यात बारीक वाळूचा खोल थर ठेवायचा आणि त्याच्या फक्त वरून पाणी वाहते ठेवायचे. वरच्या थरातले जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. खाली ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू वाढतात आणि ते श्वसनासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. मागे उरतो नायट्रोजन वायू. हवेत तो ७८ टक्के असतोच, तिथेच तो निघून जातो.

बाबांनी रंगाची २० लिटरची नवी बादली आणली. कोळत्तूरहून बारीक वाळू आणून मी ती गढूळपणा जाईपर्यंत धुतली. भरलेली बादली जवळपास ३५ किलोची झाली, म्हणून ती लोखंडी स्टँडवर टाकीपेक्षा उंच ठेवली. छोटा पंप पाणी वर चढवतो आणि काठाजवळच्या नळीतून ते आपोआप टाकीत उतरते. शेवाळ धरू नये म्हणून वर झाकण. पाण्याचा वेग बरा ठेवला, म्हणजे वाळूवर घाण बसत नाही. एक नियम मात्र कडक आहे: वाळू ढवळायची नाही. खाली सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू साठलेला असू शकतो.

मी शाळेत परत आलो. ताई दर रविवारी किटचा रंग बघून फोनवर सांगायची. जानेवारीभर काहीही फरक नाही. फेब्रुवारीतही ८० आणि ४० च्या मध्येच. आईने तोवर पाणी बदलणे एका बादलीवर आणले होते. मार्चच्या शेवटी ताई म्हणाली, "रंग ४० पेक्षा फिका आहे रे." एप्रिलमध्ये घरी गेल्यावर मी स्वतः पाहिले. रंग २० आणि ४० च्या मध्ये, २० च्या जवळ. टाकीत वनस्पती नाहीत. म्हणजे नळापेक्षा कमी नायट्रेट असलेले पाणी वाळूतल्या जिवाणूंमुळेच झाले असणार. मासे कोळत्तूरला गेले नाहीत.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते नळाचे ४०. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट लहान बाळांना विशेष धोक्याचे, कारण त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती कमी होते. आमचे किट म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. खरा आकडा ४५ च्या वरही असू शकतो. आम्ही कॅनचे पाणी पितो. शेजारच्या अक्कांचे बाळ मात्र चार महिन्यांचे आहे आणि त्या दुधाची पावडर बोअरवेलच्या उकळलेल्या पाण्यात कालवत होत्या. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटले तर उलट ते दाट होते. आईने हे ऐकले आणि त्याच संध्याकाळी आमचा कॅन उचलून अक्कांकडे नेला. तिला तमिळ जेमतेम येते, तरी अक्कांना सगळे समजले.

कॅडेट मित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी विहीर किंवा बोअरवेल आहे. खतांमधून आणि शौचालयांच्या खड्ड्यांतून नायट्रेट भूजलात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पालकांनी घरचे पाणी प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावे. घरात तान्हे बाळ असेल तर आजच.