कर्ण्यांची बदली

एकट्या माणसास काम जितकें जड वाटत नाहीं, तितकी त्या कामाभोंवतींची शांतता जड वाटते. जात्यावर बसणारी बाई ओवी म्हणे, मोटेवरचा गडी मोटेचें गाणें म्हणे. त्यानें पीठ अधिक बारीक पडत नसे, किंवा विहिरीचें पाणी अधिक वर येत नसे. पण पहाटेच्या काळोखांत हात चालत राहत. पुढें पिठाची गिरणी आली, विजेचा पंप आला. जातें माळ्यावर गेलें, मोट मोडीत निघाली, आणि त्यांच्याबरोबर गाणारा गळाही गप्प झाला. गाण्याची गरज मात्र होती तेथेंच राहिली. ती रिकामी जागा आतां कर्ण्यानें घेतली आहे.

सोनपेठ हें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तालुक्याची एक कड गोदावरीला लागलेली असल्यामुळें नदीकांठच्या शिवारांत ऊंस होतो. दिवाळी सरली कीं तोड सुरू होते, आणि दोन दोन ट्रॉल्या मागें बांधलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याच्या वाटेला लागतात. थंडीच्या रात्रीं डोक्याला मफलर गुंडाळून उघड्या बैठकीवर बसलेला तो एकटा चालक पाहिला, म्हणजे आम्हांस समुद्रावरील नावाड्याची आठवण होते.

हें साम्य निव्वळ कल्पनेंतलें नाहीं. शिडाच्या नौकेंतही सुकाणूपाशीं एक उघडी, खोलगट बैठक असते. एकट्याच्या जागरणाला सोबत म्हणून तेथेंही कर्णे बसवितात, आणि ऊन व खारें पाणी सोसून ते कांहीं वर्षांत निकामी होतात. ते बदलतांना नावाड्यास एक पथ्य पाळावें लागतें: कर्ण्यांतील लोहचुंबक होकायंत्राच्या फार जवळ आला, तर सुई दिशा चुकते व करमणुकीपायीं वाटच हरवते. गोव्यांतील दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेंतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. एकट्या माणसाची झोप ही त्या वाटेवर केवढी मोठी अडचण असेल, याचा अंदाज आमच्या ऊंसाच्या रस्त्यावर बसूनही करतां येतो. आमच्या ट्रॅक्टरावर होकायंत्र नाहीं. पण कर्ण्यामुळें ज्याची सुई हलूं नये असें दुसरें कांहीं तेथें आहे, हें पुढें येईलच.

आमच्या घरच्या ट्रॅक्टरावर, मागच्या मोठ्या चाकांवरील पत्र्यांवर, दोन कर्णे होते. नऊ हंगाम त्यांनीं पाहिले. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांतील एक अगदींच मुका झाला, आणि दुसरा असा घोगरा झाला कीं, कोणताही गायक पडशानें आजारी असल्याचा भास व्हावा. मिस्त्रीनें ते उतरवून ओट्यावर मांडले, तेव्हां आम्हीही कुतूहलानें शेजारीं बसलों. आंतील रचना फार साधी आहे. मध्यें लोहचुंबक, त्याच्या चिंचोळ्या फटींत बारीक तारेचें एक वेटोळें, आणि त्या वेटोळ्यास चिकटविलेला कागदाचा शंकूसारखा पडदा. तारेंतून विजेचा प्रवाह मागें-पुढें होतो तसें वेटोळें मागें-पुढें हलतें, पडदा हवा ढकलतो, आणि आपण त्यास गाणें म्हणतों. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघां अमेरिकनांनीं १९२५ सालीं हा घाट जगापुढें मांडला, व आजवर त्यांत मुळांतून फरक पडलेला नाहीं.

मिस्त्रीनें दीड व्होल्टचा एक सेल घेऊन दोन तारा मुक्या कर्ण्यास क्षणभर टेकविल्या. कांहींच झालें नाहीं. वेटोळें जळलें होतें. दुसऱ्यास टेकवितांच 'खर्र' झालें. त्याची तार शाबूत होती, परंतु पावसानें कागद फुगून सुरकुतला होता, उन्हानें कडेची मऊ पट्टी कुजली होती, आणि चुंबकाच्या फटींत लोखंडाची बारीक धूळ बसून वेटोळें घासत होतें. नवे घेतांना पडदा कागदाचा नको, प्लास्टिकचा असावा. कड रबराची असावी. भोंक जेवढें तेवढाच घेर असावा. आणि जुने चार ओहमचे असतील तर नवेही तेवढ्याचेच असावेत, असें त्यानें बजाविलें. एकाच तारेवर चार ओहमचे दोन कर्णे शेजारीं-शेजारीं जोडल्यास भार दोन ओहमांवर येतो व वाजविणारें यंत्र तापतें. तारा उलट-सुलट झाल्या तर एक पडदा पुढें येतांना दुसरा मागें जातो, आणि खर्जाचे स्वर एकमेकांस खाऊन टाकितात. इतकें ज्ञान घेऊन आम्ही परळीच्या बाजारास निघणार, तोंच घरांत वाद उभा राहिला.

पुतण्याचें म्हणणें असें कीं, आतां घ्यावयाचेच आहेत तर चांगले मोठे घ्यावेत. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पांदीच्या तोंडाशीं असतांनाच ओळखूं येतो. आईचें म्हणणें अगदीं उलट. घर रस्त्याला लागून. हंगामांत रात्रीं तीन तीन वेळां तिची झोप मोडते. तिला नियम ठाऊक नव्हता, तरी नियम तिच्याच बाजूचा होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवितां येत नाहीं, आणि वस्तींत रात्रींची मर्यादा ४५ डेसिबलांची आहे. छपराखेरीज कांहीं नसलेल्या ट्रॅक्टरावर नुसत्या इंजिनाचाच आवाज चालकाच्या कानाशीं नव्वदाच्या आसपास असतो. त्यावर गाणें ऐकूं यावें म्हणून तें अधिक मोठें करावयाचें, म्हणजे कानावर दुहेरी ओझें. रोज आठ तास ८५ डेसिबलांहून मोठ्या आवाजांत काढल्यास ऐकण्याची शक्ति हळूहळू जाते, असें तज्ज्ञ सांगतात. आणि गेलेली परत येत नाहीं.

दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर, ज्याच्यासाठीं हा खटाटोप, त्या चालकास आम्हीं विचारलें. तो उंबऱ्याशीं चहाचा कप घेऊन उभा होता. म्हणाला, "मालक, गाणं नसलं की पहाटंच्या पारी डोळा लागतो बघा. आन् लई मोठं असलं, तर मागच्या गाडीचा हारन कानावर येत न्हाई. आमच्या चुलत भावाचं तसंच झालं." त्याच्या त्या भावाचा पाय दोन हंगामांपूर्वीं कायमचा अधू झाला, हें गांवांत सर्वांस माहीत आहे. पुतण्याही गप्प झाला. होकायंत्राची सुई ती हीच. मागचा भोंगा, ट्रॉलीच्या सांखळीचा बदललेला आवाज, वळणावर कोणी दिलेली हांक, या सर्वांवरून हा माणूस रात्रीं आपली वाट ओळखतो.

शेवटीं लहान कर्णे आणले, आणि चाकांवरच्या पत्र्यांऐवजीं छपराखालीं, डोक्याच्या जवळ बसविले. यामागें साधा हिशेब आहे. उघड्या हवेंत अंतर निम्मे केलें कीं तेवढाच आवाज ऐकावयास चौथाई शक्ति पुरते. चालकास ऐकूं येतें, आणि रस्त्यावरील घरास फारसें येत नाहीं. वस्ती लागली कीं बंद करावयाचें, असेंही ठरलें.

पण खरी बदली त्यापुढची होती. गाणें झोपेला थोडा वेळ थोपवून धरतें. तें झोपेचें काम करूं शकत नाहीं. ओळीनें तिसरी रात्र जागणाऱ्या माणसास जगांतील कोणताही कर्णा जागा ठेवूं शकणार नाहीं. आई म्हणाली, "त्याला एक जोडीदार द्या, म्हणजे गाण्याचं ओझं तरी हलकं होईल." मजुरी खेपांवर असल्यानें खुद्द चालकच प्रथम कां-कूं करीत होता, रात्र सोडावी तर खेप जाते. मग खेपेऐवजीं महिन्याचा ठराव झाला, व एकाआड एक रात्रीं दुसरा गडी बसूं लागला. कर्ण्यांची जोडी एका दिवसाच्या ऊंसांत भागली. या ठरावास मात्र हंगामभर पैसा लागतो, आणि तो देतांना पुतण्यानें अजून तोंड वांकडें करणें सोडलेलें नाहीं.

आतां पहाटे ट्रॅक्टर घरावरून जातो तो इंजिनाच्या धडधडीसह, पण गाण्यावांचून. आईला तरीही जाग येते. आज कोण बसला आहे, एवढें ती अंथरुणांतूनच विचारते, आणि उत्तर ऐकून पुन्हां कुशीवर वळते.