मृगाच्या घरीं मुक्काम

पंचवटींतील ज्या वाड्यांत माझें बालपण गेलें, तेथें देवघरांत आजोबांचें एक मृगाजिन असे. त्यावर बसून ते संध्या करीत. सीतेनें ज्या मृगाचा हट्ट धरला, तो याच परिसरांतला. तेव्हां हें कातडें त्याचेंच असावें, असा माझा पक्का ग्रह झाला होता. त्याच्या एका कडेस वाटोळें भोंक होतें. तें उंदरांचें काम, असें आम्हीं मुलें समजत असूं.

कृष्णमृग जेथें स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञास योग्य, असें मनुस्मृतींत म्हटलें आहे. आजोबा हें वचन अभिमानानें सांगत. पण जिवंत काळवीट त्यांनीं कधीं पाहिला होता कीं नाहीं, कोण जाणे! मीं तो पाहिला वयाची साठी उलटल्यावर.

त्याचें असें झालें. आमचे एक स्नेही आफ्रिकेची सफर करून आले. तेथें पाणवठ्यालगत प्रवाशांसाठीं निवास बांधलेले असतात, आणि ओसरीवर चहा घेतां घेतां इंपालांचे कळप दिसतात, हें त्यांनीं इतकें रंगवून सांगितलें कीं मला आपल्याच जिल्ह्याची आठवण झाली. येवला तालुक्यांत राजापूर-ममदापूरच्या माळावर काळवीट आहेत, आणि 2014 सालीं तेथील वनक्षेत्र त्यांच्यासाठीं राखीवहि झालें आहे. गेल्या वैशाखांत मी तिकडे गेलों. निवास कसला मिळणार? ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या ओट्यावर पथारी पसरली.

पहांटे कळप दिसला. आपण सरसकट हरीण म्हणतों. परंतु सांबर-चितळांचीं शिंगें गळून पुन्हा येतात, काळविटाचीं जन्मभर पीळ घेत वाढतात. त्या दृष्टीनें तो इंपालाचाच भाऊबंद. नराची पाठ काळीभोर, पोट पांढरें; माद्या वाळल्या गवताच्या रंगाच्या, बिनशिंगी. क्षणभर सर्व माना आमच्याकडे वळल्या, आणि दुसऱ्याच क्षणीं सारा कळप उड्या घेत दिसेनासा झाला. मी भारावून कांहींतरी बोललों. यजमान मात्र गप्प होते.

"तुम्हांला गोड वाटतंय, काका," ते जरा वेळानें म्हणाले. "मृगाचा पाऊस पडला की आम्ही पेरतो, अन् कोंब वर आले की हे येत्यात. दुबार पेरणीचं बी कुठून आणायचं?"

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. 1972 च्या कायद्यानें काळविटाच्या जिवाला पूर्ण संरक्षण आहे, आणि तें असलेंच पाहिजे. पण त्याच्या पोटाचा भार ज्याच्या शेतावर पडतो, त्याच्यापुढें तें बोलण्याचा मला धीर झाला नाहीं.

मग त्यांनीं आपली विहीर दाखविली. तिला कठडा नव्हता. सभोंवार बाभळीच्या कांट्यांचें दाट कुंपण घातलें होतें. आदल्या उन्हाळ्यांत कुत्रीं मागें लागलेली एक मादी तींत पडली होती.

"दुसऱ्या दिवशी वर काढली. पोटात पिलू व्हतं."

"पीक खातात, आणि तुम्हीं त्यांच्यासाठीं कुंपण घालतां?" मीं विचारलें.

"राग येतोच की," ते म्हणाले. "पर तिला वर काढताना हात लावला व्हता मी."

त्या रात्रीं ओट्यावर मला लौकर झोंप लागली नाहीं. दूर माळावर कुत्रीं भुंकत होतीं, आणि प्रत्येक वेळीं यजमान अंथरुणावर उठून विहिरीच्या दिशेनें कानोसा घेत होते. आजोबांचें तें मृगाजिन केव्हांच विरून गेलें. पण त्याच्या कडेचें वाटोळें भोंक उंदरांचें नव्हतें, तें गोळीचें होतें, हें इतक्या वर्षांनीं तेथें पडल्या पडल्या माझ्या ध्यानांत आलें.