नकाशात नसलेलं विगाता

विगाता नावाचं गाव जगाच्या कुठल्याच नकाशात नाही, आणि तरीही मी त्याच्या रस्त्यांवरून मनसोक्त भटकून आले!

‘इन्स्पेक्टर मोन्ताल्बानो’ ही इटालियन मालिका पाहिलेल्यांना विगाता नव्याने सांगायला नको. टक्कल पडलेला, तापट, जेवताना कुणी बोललेलं न खपणारा तो पोलीस अधिकारी; रोज एक नवा खून, आणि मागे तो निळाशार समुद्र. १९९९ ते २०२१ एवढा काळ लुका झिंगारेत्ती ही भूमिका जगला. मूळ कादंबऱ्या आंद्रेआ कामिल्लेरींच्या. त्यांनी विगाता रचलं ते सिसिलीतल्या आपल्या जन्मगावावरून, पोर्तो एम्पेदोक्लेवरून. चित्रीकरण मात्र बहुतेक झालं तिथून शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या रागुझा परिसरात. म्हणजे चौक एका गावाचा, पोलीस ठाणं दुसऱ्याचं, समुद्रकिनारा तिसऱ्याचा. हे तुकडे जोडत फिरण्यात काय विलक्षण मौज आहे!

वरच्या रागुझातून पायऱ्या उतरायला लागले, एक वळण आलं आणि पाय जागीच थबकले. समोरच्या टेकडीवर जुनं रागुझा, म्हणजे इब्ला, एकावर एक घरं रचून उभं! सगळं मधाच्या रंगाचं. राजगड-देवगिरीच्या काळ्या कातळावर वाढलेले माझे डोळे; दगड असा आतून उजळल्यासारखा असू शकतो, हे त्यांना खरंच वाटेना. १६९३च्या भीषण भूकंपात हा सारा मुलूख जमीनदोस्त झाला होता. आज दिसतं ते त्यानंतर उभारलेलं, आणि काय हौसेनं उभारलेलं! सान जोर्जोचं चर्च चौकाच्या टोकाला, उंच पायऱ्यांवर, जरासं तिरकं उभं आहे. मालिकेत मोन्ताल्बानो याच चौकातून लगबगीनं जातो. मी मात्र तिथून तासभर हललेच नाही.

रस्त्याने जाताना आणखी एक नवल. दोन्ही बाजूंना शेतांच्या कडेने मैलोन्‌मैल गडगे! चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड, थेट आपल्या कोकणातल्यासारखे. फक्त आत काजू-आंब्याऐवजी कॅरोबची गर्द, बुटकी झाडं.

आणि मग शिक्ली. इथली नगरपालिका म्हणजेच विगाताचं पोलीस ठाणं! मी दारातून आत शिरते, आणि समोर कातारेल्लाची जागा. हाच तो धांदरट शिपाई, ज्याला एकही आडनाव धड सांगता येत नाही. पुढे मोन्ताल्बानोची खोली, ते टेबल, तो फोन. आता तो खणखणेल आणि कुणाचं तरी प्रेत सापडल्याची बातमी येईल, असंच वाटतं. वरच्या मजल्यावरचं महापौरांचं खरंखुरं दालन मालिकेत पोलीसप्रमुखांचं झालं होतं. बाहेर आल्यावर वर बघायला विसरू नका: पालात्सो बेनेव्हेन्तानोच्या भिंतीवरून दगडी राक्षसी चेहरे जबडे वासून रस्त्याकडे बघत असतात.

सांपिएरीजवळ समुद्राला खेटून एक जुनी वीटभट्टी आहे, फोर्नाचे पेन्ना. १९२४ साली ती आगीत जळाली. छप्पर नाही, नुसत्या कमानी, आणि प्रत्येक कमानीत एक निळा चौकोन. मालिकेत एका बड्या असामीचं प्रेत गाडीत सापडतं ते इथेच. वारा इतका, की बोललेलं ओठांवरच विरून जातं.

पुंता सेक्काला मोन्ताल्बानोचं घर. ती गच्ची, खाली लगेच वाळू, पलीकडे दीपगृह. सकाळी पोहून आल्यावर तो कॉफी पितो तीच ही गच्ची! आता तिथे पाहुणे राहतात. लोक वाळूतून मान वर करून फोटो काढत असतात, आणि अनोळखी माणसंही एकमेकांना आवडता भाग सांगत बसतात. मी तिथेच केशरी भाताचा गरम आरान्चिनो खाल्ला. वरचं कवच कुरकुरीत, आत खिम्याचा रस्सा आणि मटार. मोन्ताल्बानो यासाठी हातातलं काम का सोडतो, हे पहिल्याच घासाला पटलं.

सिसिलीला जाणारे बहुतेक जण पालेर्मो आणि एटना ज्वालामुखी पाहून परततात. तुम्ही तसं करू नका. निघण्यापूर्वी मालिकेचे दोन-चार भाग बघा, आणि रागुझाकडे निदान तीन दिवस ठेवा. त्यातला एक पूर्ण शिक्लीला द्या.