दगडी ढोल आणि वाडवडिलांची नावे

बीजिंग

ती. आत्यास सा. न.

राजवाड्यातली सिंहासने सगळेच बघतात, त्यांच्याबद्दल लिहीत नाही. मी दुपार घालवली दहा धोंड्यांपाशी. दीड ते तीन फूट उंच, ढोलासारखे गोलसर, म्हणून नावच दगडी ढोल. आहेत छिन राज्याचे, बहुधा इसवीसनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपासचे. नेमक्या काळावरून पंडितांचे अजून वाजते. अंगावर कविता कोरल्यात : शिकार, घोडे, रथ, नदीतले मासे.

अक्षर बघत राहावे असे. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची, शेवट गोल, धार कुठेच नाही. हे कागदावर उतरवायचे तर कुंचल्याचे टोक रेघेच्या मधोमध लपवून न्यावे लागते. मनगट ढळले की कागद लगेच चुगली करतो. नंतर छिन सम्राटाने साऱ्या देशाला लावलेली नीटनेटकी लिपी यापुढे मला सरकारी वाटते.

तांग काळात हे ढोल शान्सीत सापडले. पुढे एक हरवला, तो 1052 साली मिळाला तेव्हा लोकांनी त्याचे डोके उडवून, आत कोरून उखळ केलेले! ओळींची वरची अक्षरे गेली, खालची शाबूत. मला त्या दळणकांडणवाल्यांचा राग येत नाही. खरा जाच केला तो कदर करणाऱ्यांनी. सोंग सम्राट ह्वीझोंगने अक्षरांत सोने भरवले. 1127 मध्ये जिन फौजांनी राजधानी लुटली, ढोल उत्तरेला नेले आणि सोने खरवडून काढले. शिवाय शतकानुशतके ठसे घेणे चालूच. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून खाचांत घालायचा, वरून शाईची पुरचुंडी टेकवत जायची. अक्षर पांढरे उमटते. आज एका ढोलावर एकही अक्षर नाही. भरगच्च अक्षरे पाहायची तर सोंग काळातले ठसे हवेत, आणि त्यातले उत्तम तीन टोकियोत आहेत.

---

हांगचौ

ती. आत्यास सा. न.

चित्रकार वू छांगशुओ (1844–1927) यांनी त्या ढोलांवरचे अक्षर जन्मभर गिरवले. हुबेहूब नव्हे, अक्षर जरा तिरके, एक खांदा वर. शिस्तप्रिय मंडळी नाके मुरडत, पण त्यांच्या चित्रांतल्या वेलींतही तीच रेघ आहे. इथे पश्चिम सरोवराकाठच्या टेकडीवर शिलिंग मुद्रा मंडळ आहे. दगडात शिक्के कोरणाऱ्यांनी 1904 मध्ये काढलेले. वू त्याचे पहिले अध्यक्ष.

आवारात छोटी दगडी खोली, आत इसवीसन 52 चा लेख. परदेशी विकला जाणार अशी कुणकुण लागली तेव्हा, 1921 साली, वू आणि मंडळींनी वर्गणी काढून आठ हजार चांदीच्या डॉलरांना तो सोडवला. खिडकीच्या गजांतून पाहिला : अक्षर ओबडधोबड, कोपरे वेडेवाकडे, पण हात ठाम. मजकूर काय, तर आजोबा-आजी, आई-वडील यांची नावे आणि पुण्यतिथ्या. नावे का, तर पोराबाळांनी ती चुकूनही तोंडातून काढू नयेत! आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, इथे वाडवडिलांचे.

तुझ्यासाठी एक छापील ठसा घेतलाय, ढोलाचाच. गुंडाळीत येईल, घडी घालू नकोस. उद्या शांघायला निघते.

तुझी,
सुमी